दगड, वीट आणि दुसरी पसंती : अलास्कातल्या मधल्या मतदाराचं प्रकरण

अलास्काच्या मतदारयादीत प्रत्येक नावापुढे पक्षाचं एक अक्षर असतं. 'आर' म्हणजे रिपब्लिकन, 'डी' म्हणजे डेमोक्रॅट. 'एन' म्हणजे कुठल्याच पक्षाचा नाही आणि 'यू' म्हणजे पक्ष सांगितलेला नाही. या शेवटच्या दोन अक्षरांचे मतदार अलीकडच्या वर्षांत यादीच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहेत. दोन पक्षांत विभागलेल्या देशातल्या या एका राज्यात सर्वांत मोठा गट कुठल्याच पक्षात नसलेल्यांचा आहे, आणि आपलं मत नेमकं कुठे वाया जातं हे शोधून या गटाने निवडणुकीची रीतच बदलून घेतली. ती बदलल्यावर काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी एक सावधगिरी. 'यू' म्हणजे मवाळ असा अर्थ लावण्याची घाई करू नये. तेलाच्या उत्पन्नातून प्रत्येक रहिवाशाला वार्षिक लाभांश देणारं हे राज्य आहे. त्या लाभांशासाठी अर्ज केला की मतदारनोंदणी आपोआप व्हावी, असा प्रस्ताव २०१६ मध्ये लोकांनीच मंजूर केला. अशा नोंदणीत पक्ष सांगितला नाही तर नावापुढे 'यू' लागतो. त्यामुळे या रकान्यात निष्ठेने एकाच पक्षाला मत देणारे आहेत, राजकारणाकडे ढुंकूनही न पाहणारे आहेत, आणि खरे कुंपणावरचेही आहेत. आपल्याला शेवटच्यांशी काम आहे. तेल आणि बंदुकीच्या प्रश्नावर उजवा, गर्भपात आणि सरकारी शाळांच्या प्रश्नावर मधला, आणि दोन्ही पक्षांच्या आवाजाला विटलेला मतदार तो.

असा मतदार अलास्कातच असतो असं नाही. गॅलपच्या पाहणीत २०२३ मध्ये ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला अपक्ष म्हणवून घेतलं, आणि तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज आहे म्हणणारे त्याच वर्षी ६३ टक्के होते. प्यू रिसर्चच्या २०२३ च्या पाहणीत दोन्ही पक्षांविषयी प्रतिकूल मत असणारे २८ टक्के निघाले आणि राजकारणाचा विचार केला की थकवा येतो म्हणणारे ६५ टक्के. पण पाहणीतला वैताग मतपेटीत उतरत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात एकही मत मिळालं नाही. एका जागेसाठी सर्वाधिक मतांवर निवड असली की मतदार शेवटी दोनच उमेदवारांकडे ढकलला जातो, हे मॉरिस ड्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडलं होतं. आपल्याकडे त्यासाठी सिद्धांत लागत नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून बटण दाबणारा प्रत्येक जण तो जाणतो.

अलास्का निवडायचं आणखी एक कारण आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहात या राज्याला एकच जागा आहे, म्हणजे मतदारसंघाच्या रेषा सोयीने आखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मधल्या मतदाराची कोंडी होत असेल तर ती नकाशामुळे नाही. मग कशामुळे, ते शोधणं इथे सोपं जातं.

ऑगस्टची गाळणी

२०२० पर्यंतची पद्धत अशी होती. ऑगस्टमध्ये प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी फेरी, होई. तिथे एका टेबलावर दोन वेगळ्या मतपत्रिका असत. एक रिपब्लिकन पक्षाची, जी आर, एन आणि यू या अक्षरांच्या मतदारांनाच मिळे. दुसरी डेमोक्रॅट आणि इतर छोट्या पक्षांची एकत्र, जी कुणालाही मिळे. घ्यायची मात्र एकच. म्हणजे 'यू' मतदाराला गव्हर्नरसाठी रिपब्लिकन पक्षातला बरा माणूस आणि आपल्या विभागाच्या आमदारकीसाठी डेमोक्रॅट पक्षातला बरा माणूस असं दोन्ही निवडता येत नसे. त्यातून ऑगस्ट हा अलास्कात मासेमारीचा, शिकारीचा आणि उन्हाचा महिना. प्राथमिक फेरीला कधी कधी पाचांतला एकही मतदार धड येत नसे. जे येत त्यांच्यात पक्षाचे कडवे जास्त. नोव्हेंबरमध्ये सगळे येत तेव्हा पत्रिकेवर कडव्यांनी गाळून दिलेली दोन नावं उरलेली असत. मतदानाचा हक्क कुणी काढून घेतलेला नव्हता. निर्णयाची वेळ तेवढी तीन महिने आधी सरकवलेली होती.

२०१० मध्ये हे ढळढळीत दिसलं. सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांना रिपब्लिकन प्राथमिक फेरीत जो मिलर यांनी २,००६ मतांनी हरवलं. मर्कोव्स्कींनी नोव्हेंबरमध्ये, पत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने नाव लिहावं म्हणून प्रचार केला. नुसतं नाव लिहून भागत नाही, शेजारचा गोलही भरावा लागतो. आडनाव परदेशी वळणाचं, म्हणून स्पेलिंग छापलेली मनगटपट्टी कार्यकर्त्यांनी वाटली. मिलर यांच्या वकिलांनी चुकीच्या स्पेलिंगच्या हजारो पत्रिकांना हरकत घेतली, न्यायालयाने मतदाराचा हेतू महत्त्वाचा मानला, आणि मर्कोव्स्की १,०१,०९१ मतं मिळवून निवडून आल्या. मिलर यांना ९०,८३९ मिळाली होती. नाव लिहून घेऊन सिनेटची निवडणूक जिंकण्याची ही १९५४ नंतरची पहिलीच वेळ. मधल्या मतदाराला इथे कळलं की आपण जिंकू शकतो. हेही कळलं की त्यासाठी बिनछापील नाव, मनगटपट्टी आणि कोर्ट एवढं सगळं लागतं.

२०१४ मध्ये वेगळी युक्ती झाली. अपक्ष बिल वॉकर आणि डेमोक्रॅट पक्षाची प्राथमिक फेरी जिंकलेले बायरन मॅलट यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला एकत्र येऊन एकच जोडी केली, वॉकर गव्हर्नरपदासाठी आणि मॅलट उपगव्हर्नरपदासाठी, आणि विद्यमान रिपब्लिकन गव्हर्नरांना हरवलं. २०१८ मध्ये तीच युक्ती उलटली. वॉकर अपक्षच राहिले, डेमोक्रॅट पक्षाने मार्क बेगिच यांना उभं केलं, समोर रिपब्लिकन माइक डनलीव्ही. मधली मतं फुटणार हे उघड होतं. मॅलट यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, लगोलग वॉकर यांनी माघार जाहीर केली, तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या. डनलीव्ही ५१ टक्क्यांवर मतं घेऊन जिंकले. वॉकर यांना मानणाऱ्या मतदाराला त्या महिन्यात रोज उमेदवाराऐवजी गणित मांडावं लागत होतं. कोण कुणाची मतं खाईल, कोण मागे हटेल, आपलं मत दिलं तर कुणाचा फायदा होईल. पक्षांविषयीची निराशा बहुधा विचारसरणीपेक्षा या हिशेबाच्या कंटाळ्यातून वाढते, असं आमचं निरीक्षण आहे.

२०२० चा प्रस्ताव

वॉकर यांचे माजी प्रमुख सहायक, वकील स्कॉट केंडल यांनी लिहिलेला प्रस्ताव तीन भागांचा होता. पहिला, राजकीय देणग्यांचा खरा स्रोत जाहीर करायचा. दुसरा, पक्षनिहाय प्राथमिक फेरी बंद करून सगळे उमेदवार एकाच पत्रिकेवर आणायचे आणि पहिले चार पुढे पाठवायचे. तिसरा, नोव्हेंबरमध्ये त्या चौघांना पसंतीक्रम द्यायचा. तिन्ही एकत्र बांधल्याबद्दल वाद झाला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकाच विषयाचं मानलं. नोव्हेंबर २०२० मध्ये १,७४,०३२ विरुद्ध १,७०,२५१ असा तो मंजूर झाला. फरक पावणेचार हजारांचा. प्रचाराचा बहुतेक पैसा राज्याबाहेरून आला होता, आणि छुप्या पैशाविरुद्धचा प्रस्ताव बाहेरच्या पैशावर जिंकला हे टोमणे तेव्हापासून आजतागायत चालू आहेत. टोमणा अगदीच चुकीचा नाही.

तीन भागांत मधल्या मतदाराला खरा उपयोगी भाग दुसरा होता. सगळी चर्चा मात्र तिसऱ्यावर झाली, आणि पुढचा सगळा रागही त्याच्यावरच निघाला.

मोजणी कशी होते

महाराष्ट्रातल्या ज्याने पदवीधर मतदारसंघात मत दिलंय त्याला ही पत्रिका परकी वाटणार नाही. आपल्याकडे केंद्रावरचंच जांभळं स्केचपेन घेऊन नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. १ लिहिला नाही तर मत बाद. अलास्कात आकडे लिहीत नाहीत. उमेदवारांच्या आडव्या ओळी आणि पसंतीचे उभे रकाने अशी जाळी असते, प्रत्येक रकान्यात एकच गोल काळा करायचा. चार उमेदवार आणि हाताने नाव लिहायची एक ओळ, म्हणून रकाने पाच.

पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून अधिक मतं मिळाली तर काम संपलं. नाही मिळाली तर शेवटचा उमेदवार बाद होतो, त्याच्या पत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात, आणि दोनच उरेपर्यंत हे चालतं. त्या दोघांत ज्याची मतं जास्त तो विजयी. इथे आपल्या पद्धतीशी एक बारीक फरक आहे, आणि तो पुढे कामाला येणार आहे. पदवीधरच्या मोजणीत कोटा पहिल्याच फेरीतल्या वैध मतांवरून ठरतो, वैध मतांच्या निम्मे अधिक एक, आणि तो बदलत नाही. अलास्कात टक्केवारी त्या फेरीत जिवंत असलेल्या पत्रिकांवर काढली जाते. ज्याने पुढची पसंती दिलीच नाही त्याची पत्रिका त्याचा उमेदवार बाद झाला की संपते आणि छेदातूनही निघून जाते.

पत्रिका कुठे कुठे बिघडते तेही पाहून ठेवावं. एकाच रकान्यात दोन गोल काळे केले तर मत तिथेच थांबतं. एक रकाना रिकामा सोडून पुढचा भरला तर चालतं, ती पसंती वर सरकते. पण सलग दोन रकाने रिकामे सोडले तर पुढचं काहीच मोजलं जात नाही. एकाच माणसाला पाचही रकान्यांत भरलं तर एकदाच धरलं जातं, त्याने त्याला बळ मिळत नाही. नव्या मतदाराच्या हातून शेवटची चूक सर्वाधिक श्रद्धेने होते.

आणि एक वेळेचा प्रश्न. फेऱ्या चालवायच्या तर आधी सगळ्या पत्रिका हाती हव्यात. परदेशातून टपालाने येणाऱ्या पत्रिकांसाठी नोव्हेंबरमध्ये पंधरा दिवस थांबतात, आणि रस्ता नसलेल्या गावांमधलं साहित्य विमानाने येतं. त्यामुळे फेऱ्यांचा निकाल दोन आठवड्यांनी जाहीर होतो. या दोन आठवड्यांत पहिल्या पसंतीचे आकडे पडद्यावर असतात. लोक त्यालाच निकाल समजतात, आणि नंतर विजेता बदलला तर काहीतरी झालं असं वाटतं.

ऑगस्ट २०२२ : तीन उमेदवार, तीन निकाल

मार्च २०२२ मध्ये डॉन यंग वारले. १९७३ पासून ते प्रतिनिधिगृहात होते. त्यांच्या आधीचे प्रतिनिधी, डेमोक्रॅट निक बेगिच, यांचं विमान १९७२ मध्ये बेपत्ता झालं होतं. आता त्या निक बेगिच यांचे नातू, त्याच नावाचे, रिपब्लिकन म्हणून उभे राहिले. २०१८ चे डेमोक्रॅट मार्क बेगिच हे त्यांचे काका. काका एका पक्षात आणि पुतण्या दुसऱ्या, हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटणार नाही.

पोटनिवडणुकीच्या प्राथमिक फेरीत, जी टपालाने झाली, ४८ उमेदवार होते. माजी गव्हर्नर सारा पेलिन २७ टक्के, बेगिच १९, अपक्ष अल ग्रॉस साडेबारा, आणि डेमोक्रॅट मेरी पेल्टोला १० टक्के. ग्रॉस यांनी माघार घेतली. पाचव्या क्रमांकाच्या उमेदवाराला वर घेण्याची मुदत उलटून गेली होती, म्हणून चारऐवजी तिघंच उरले. मधल्या जागेचा अपक्ष गेला तो इथेच.

१६ ऑगस्टच्या मतदानात पहिल्या पसंतीची मतं अशी पडली : पेल्टोला ७५,७९९, पेलिन ५८,९७३, बेगिच ५३,८१०. बेगिच बाद झाले. त्यांच्या पत्रिकांपैकी २७,०५३ पेलिन यांच्याकडे, १५,४६७ पेल्टोला यांच्याकडे गेल्या आणि सुमारे ११,३०० पत्रिका तिथेच संपल्या. शेवटी पेल्टोला ९१,२६६ आणि पेलिन ८६,०२६. साडेएक्कावन्न टक्क्यांनी पेल्टोला निवडून आल्या. अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचलेल्या त्या अलास्काच्या पहिल्या मूळनिवासी सदस्य, युपिक समाजातल्या.

आता हे साडेएक्कावन्न टक्के कशाचे? जिवंत पत्रिकांचे. पहिल्या फेरीतल्या १,८८,५८२ वैध मतांवर आपल्या पदवीधरसारखा कोटा काढला तर तो ९४,२९२ येतो, आणि ९१,२६६ त्याच्या खाली राहतात. शेवटी उरलेल्यांत सर्वाधिक म्हणून त्या तिथेही जिंकल्याच असत्या. पण 'बहुमताने निवड' हा या पद्धतीचा जाहिरातीतला शब्द इथे जरा सैल पडतो, आणि विरोधकांनी तो नेमका पकडला.

खरी गोम मात्र आणखी खोल आहे. निवडणूक विभागाने प्रत्येक पत्रिकेची नावाविना नोंद खुली केली, त्यामुळे कोणत्याही दोघांत सरळ सामना झाला असता तर काय, हे मोजून पाहता येतं. पेलिन यांच्या मतदारांपैकी चौतीस हजारांवर लोकांनी दुसरी पसंती बेगिच यांना दिली होती. पेल्टोला यांच्या सत्तेचाळीस हजारांवर मतदारांनीही दुसरी पसंती बेगिच यांनाच दिली होती. म्हणजे बेगिच विरुद्ध पेलिन असती तर बेगिच ६१ टक्क्यांवर जिंकतात. बेगिच विरुद्ध पेल्टोला असती तर साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास, पुन्हा बेगिचच. दोघांनाही समोरासमोर हरवणारा माणूस पहिल्यांदा बाद झाला, कारण तो बहुतेकांचा दुसरा होता आणि पुरेशा लोकांचा पहिला नव्हता. डावी-उजवी बाजू पहिल्या पसंतीची मतं ओढते आणि मधला चेपला जातो. पेल्टोला आणि पेलिन यांच्या पत्रिकांवरच्या त्या दुसऱ्या पसंती कुणी उघडल्याच नाहीत, कारण त्यांचे उमेदवार शेवटपर्यंत टिकले.

याच आकड्यांतून आणखी एक विचित्र गोष्ट निघते. पेलिन आणि बेगिच यांच्यात ५,१६३ मतांचं अंतर होतं. पेलिन पहिली, बेगिच दुसरा असा क्रम देणारे सुमारे ५,२०० मतदार त्या दिवशी घरीच बसले असते, तर पेलिन तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बाद झाल्या असत्या, त्यांची उरलेली मतं बेगिच यांना मिळाली असती आणि बेगिच पेल्टोला यांना हरवून गेले असते. या पाच हजार लोकांनी मतदान केलं म्हणूनच त्यांना सर्वांत नको असलेला निकाल लागला. 'मतं खाणारा उमेदवार' हा प्रकार या पद्धतीत संपतो, असं सांगितलं गेलं होतं. तो संपला नाही, नुसता जागा बदलून बसला. या वेळी मतं खाल्ली ती दुसऱ्या क्रमांकाच्या पेलिन यांनी.

मग दोष कुणाचा? चार जणांना पुढे पाठवणाऱ्या खुल्या प्राथमिक फेरीचा नव्हे. शेवटच्याला बाद करत जाण्याच्या नियमाचा. प्रत्येक जोडीचा सरळ सामना तपासणारी मोजणी त्याच पत्रिकांवर, त्याच रकान्यांतून करता येते, मतदाराला काहीही वेगळं करावं लागत नाही. ती सुचवणारे अभ्यासक आहेत. पण अलास्कात वाद 'ठेवा की काढा' एवढाच राहिला, 'दुरुस्त करा' म्हणणाऱ्याला व्यासपीठ मिळालं नाही. दोन पक्षांना कंटाळून आणलेल्या सुधारणेचेही दोनच पक्ष पडले.

उमेदवारांच्या वागण्याने भर घातली. पेलिन आणि बेगिच उन्हाळाभर एकमेकांवर तुटून पडले. पेलिन या पद्धतीलाच नावं ठेवत होत्या. त्यांच्या एकवीस हजारांवर मतदारांनी दुसरी पसंती दिलीच नाही. नोव्हेंबरपर्यंत रिपब्लिकन पक्षाने 'सगळ्या लाल (म्हणजे रिपब्लिकन) उमेदवारांना क्रम द्या' अशी हाक दिली, पण ऑगस्टचे व्रण भरलेले नव्हते. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत शेजारच्या उमेदवाराच्या मतदारांनाही हात जोडावे लागतात, हे पेल्टोला यांना कळलं होतं. मूळनिवासींच्या ऑक्टोबरमधल्या अधिवेशनाच्या वेळी मर्कोव्स्कींनी आपण पेल्टोला यांना पहिली पसंती देऊ असं सांगितलं, पेल्टोला यांनीही मर्कोव्स्कींबद्दल तेच सांगितलं. दोन पक्षांच्या दोन उमेदवारांनी उघडपणे एकमेकींना मत देणं हे अमेरिकेत एरवी पाहायला मिळत नाही.

नोव्हेंबर २०२२

इथे मधल्या मतदाराचं काम झालं. मर्कोव्स्कींनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्धच्या महाभियोगात दोषी असं मत दिलं होतं. तसं करणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांपैकी २०२२ मध्ये निवडणुकीला सामोऱ्या जाणाऱ्या त्या एकट्या. राज्यातल्या पक्षाने त्यांची निंदा करणारा ठराव केला आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन केली त्शिबाका यांना पाठिंबा दिला. जुन्या पद्धतीत ऑगस्टमध्येच त्यांचा २०१० झाला असता, असं मानायला बरीच जागा आहे. नव्या पद्धतीत त्या सहज चौघांत आल्या. नोव्हेंबरमध्ये पहिल्या पसंतीत ४३.४ विरुद्ध ४२.६ टक्के, जेमतेम दोन हजार मतांची आघाडी. डेमोक्रॅट पॅट चेस्ब्रो बाद झाल्यावर त्यांच्या वीस हजारांवर पत्रिका मर्कोव्स्कींकडे गेल्या आणि निकाल ५३.७ विरुद्ध ४६.३ लागला.

त्याच पत्रिकेवर डनलीव्ही पहिल्याच फेरीत निम्म्यापार गेले आणि पेल्टोला अंतिम फेरीत ५५ टक्क्यांनी पुन्हा निवडून आल्या. एक कडवे रिपब्लिकन, एक मवाळ रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, तिघंही राज्यभरच्या त्याच मतदारांनी निवडलेले. ऑगस्टच्या टेबलावर एकच पत्रिका उचलायला लावणाऱ्या पद्धतीत ही निवड करणं अवघड होतं.

विधिमंडळातला परिणाम बातम्यांत कमी आला, पण आमच्या मते तोच जास्त टिकाऊ. राज्याच्या सिनेटमध्ये २० जागा. निवडणुकीनंतर नऊ डेमोक्रॅट आणि आठ रिपब्लिकन अशा १७ जणांनी मिळून बहुमताचा गट केला. त्यांतल्या रिपब्लिकन कॅथी गीसल याआधी सिनेटच्या अध्यक्ष होत्या. २०२० च्या पक्षाच्या प्राथमिक फेरीत त्या हरल्या होत्या. २०२२ मध्ये खुल्या फेरीतून येऊन त्यांनी आपली जागा परत मिळवली. अर्थसंकल्पावर विरुद्ध पक्षाशी बोललं तर पुढच्या ऑगस्टमध्ये उमेदवारी जाईल, ही भीती अशा लोकांच्या डोक्यावरून उतरली.

पक्ष शिकतात

२०२४ च्या ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरीला मतदान पुन्हा सतरा-अठरा टक्क्यांवर घसरलं. खुली फेरी केली की लोक येतील, ही आशा टिकली नाही. पेल्टोला जवळपास ५१ टक्के, बेगिच सव्वीस-सत्तावीस, दुसऱ्या रिपब्लिकन, उपगव्हर्नर नॅन्सी डाल्स्ट्रम, वीसच्या आसपास. तीन दिवसांत डाल्स्ट्रम यांनी माघार घेतली. २०२२ चा धडा पक्षाने असा गिरवला की मतपत्रिकेवर पसंतीक्रम असला तरी आपला माणूस एकच ठेवायचा. खुल्या फेरीलाच पक्षाने आपली बंद फेरी बनवून टाकलं, फक्त गाळण्याचं काम आता मतदारांऐवजी माघारीने होऊ लागलं. मधल्या मतदाराने चार जण मागितले होते आणि खऱ्या लढतीत त्याच्यापुढे पुन्हा दोघंच आले.

माघारीने रिकाम्या झालेल्या जागांवर खालचे उमेदवार वर सरकतात. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात शिक्षा भोगणारा, एक टक्काही मतं न मिळालेला एक डेमोक्रॅट अंतिम पत्रिकेवर आला. डेमोक्रॅट पक्ष कोर्टात गेला आणि हरला. नियम लिहिताना माघारीची साखळी कुठवर जाईल याचा विचार कमी पडला, हे मान्य करायला हवं. किमान मतांची एक अट घातली असती तरी हे टळलं असतं. अखेर बेगिच पहिल्या पसंतीत ४८ टक्क्यांवर होते आणि अंतिम फेरीत ५१ टक्क्यांवर जाऊन जिंकले.

त्याच पत्रिकेवर ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्तावही होता. ती टिकवणाऱ्यांनी कोट्यवधी डॉलर जमवले, बहुतेक पुन्हा बाहेरून, रद्द करू पाहणाऱ्यांकडे त्याच्या तुलनेत किरकोळ. तरीही निकाल अगदी काठावर लागला. तीन लाख वीस हजारांवर मतांत साडेसातशेहून कमी मतांनी पद्धत वाचली, तीही फेरमोजणी होऊन. २०२० ला पावणेचार हजारांनी आलेली गोष्ट चार वर्षं वापरून पाहिल्यावर शेकड्यांवर आली होती. त्याच दिवशी राज्याने ट्रम्प यांना ५४ टक्क्यांवर मतं दिली, म्हणजे ही पद्धत ठेवणाऱ्यांत त्यांचेही बरेच मतदार असणार.

इतरत्र तोच दिवस याहून वाईट गेला. कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगनच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले, ॲरिझोना आणि साउथ डकोटाने खुल्या प्राथमिक फेरीचे. मिझुरीने पसंतीक्रमावर बंदीच घातली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र तो मंजूर झाला. आयडाहोत तर दहांतल्या सातांनी नाही म्हटलं. राज्याराज्यांत अपक्ष मतदारांची संख्या मोठी आहे, पण कंटाळलेला मतदार नव्या पद्धतीवर आपोआप विश्वास टाकत नाही. त्याला आधी दोन पक्षांवर संशय होता, आता मोजणीवरही संशय येतो. निकालाला दोन आठवडे लागतात, फेऱ्यांचा तक्ता पाहून चटकन काही उमगत नाही, आणि पैसा कुठून आला हे कळल्यावर उरलीसुरली खात्री जाते. अशा मतदाराला 'पद्धत समजून घ्या' असं सांगणारी पत्रकं वाटण्यात बराच पैसा गेला. निकाल त्याच रात्री, फेऱ्यांच्या तात्पुरत्या आकड्यांसकट दाखवावा, ही साधी मागणी मात्र मागेच राहिली.

२०२५ मध्ये अलास्कात रद्द करण्यासाठी पुन्हा सह्या गोळा व्हायला लागल्या. ती पद्धत गेली तर ऑगस्टच्या टेबलावर पुन्हा पक्षापक्षाच्या वेगळ्या पत्रिका येतील आणि 'यू' मतदाराला त्यांतली एकच उचलावी लागेल. यादीतलं त्याचं अक्षर मात्र तेच राहील.